जाळीचं वाण

अधिक वैशाख संपायला चौदा दिवस राहिले, तरी जावयाला वाण काय द्यायचं हे गेणूआबांच्या घरात ठरत नव्हतं. ठरत नव्हतं म्हणजे गेणूआबांचं ठरलं होतं आणि ते चंद्राबाईंना पसंत नव्हतं. त्या घरात एखादी गोष्ट ठरत नाही याचा अर्थ नेहमी एवढाच असे.

"पितळंचा तांब्या देऊ," गेणूआबा म्हणाले. "चकचकीत. पानी पितील, नाव काढतील."

"पानी काय त्यांच्या घरी न्हाय व्हय? अन् ते काय बोलून गेल्यात, ठावं हाय न्हवं?"

ठाऊक होतंच. निमगाव केतकीत ते कुणाला ठाऊक नव्हतं? दोन वर्षांपूर्वी लेकीच्या, सिंधूच्या लग्नात नवरदेवाला घोडा कबूल केला होता. आयत्या वेळी मिळाली ती एका शिंगराची आई. वरात चार पावलं गेली की शिंगरू दुधासाठी आडवं येई. घोडी थांबे, वाजंत्री थांबे, आणि नवरदेव बिरदेव मास्तर मुंडावळ्यांच्या आडून साऱ्या गावाकडे बघत बसत. देवळापासून मांडवापर्यंत शिंगराचं पोट सहा वेळा भरलं आणि मुहूर्त टळला. मग जेवायला बसले, तर पाटाचा एक पाय आखूड. मास्तर श्रीखंडाकडे झुकले की पाट वरणाकडे झुके. त्या दिवशी ते एकच वाक्य बोलले, "ह्या घरात मला धड बसायला मिळालं नाही." बोलले आणि बायकोला घेऊन इंदापूरला निघून गेले.

त्यानंतर पंचमी आली, तेव्हा शाळेची तपासणी होती. दिवाळीला मास्तरांना पडसं होतं. पुढच्या पंचमीला पुन्हा तपासणी निघाली. मास्तर तसे वाईट नव्हते. इंदापुरात मुलं त्यांच्यावर जीव टाकीत. फक्त एकदा बोललेलं वाक्य ते फळ्यावरच्या सुविचारासारखं जपत, पुसून म्हणून टाकत नसत. या सगळ्यात दोन वर्षं सिंधू माहेरी आली नव्हती, आणि चंद्राबाईंचा जीव तिथं अडकला होता. धोंड्याच्या महिन्यातलं बोलावणं जावयाला मोडता येत नाही. तो येणार हे नक्की होतं. पण सुखानं बसून गेला तर लेकीची वाट मोकळी होणार होती, आणि पुन्हा काही बिनसलं तर ती कायमची बंद.

त्याच दिवशी बारामतीचे राजमहंमद बागवान आंबे बघायला आले. गेणूआबांच्या विहिरीजवळ दोन मोठे आंबे होते. एकाला खोबऱ्या म्हणत, दुसऱ्याला साखऱ्या. दोन्ही झाडांचा माल राजमहंमदनी आधीच घेऊन ठेवला होता. त्यांच्या गाडीत मोकळ्या पाट्यांबरोबर दोन मोठ्या जाळ्या पडल्या होत्या.

"मासं बी इकाया लागला काय?" गेणूआबांनी विचारलं.

"न्हाय आबा. कालव्याच्या बंगल्यावरचा साहेब बदलून गेला, त्याचं सामान निघालं. ही निजायची जाळी. दोन टोकं दोन झाडांना बांधायची अन् मधी निजायचं."

"मानूस?"

"साहेब निजत व्हता."

गेणूआबांना पहिली जाळी एकदम आवडली. ती तागाची, जाडजूड होती. जावयानं टाकून दिली तर कडबा वाहायला होईल, असा त्यांचा दूरचा विचार होता. चंद्राबाईंनी मात्र तिच्यावरून हाताची मागची बाजू फिरवली आणि लगेच मागं घेतली. "ह्यात माणूस निजला तर पाठीवर वळ उठतील. खरारा हाय का काय?" मग त्यांनी दुसरी, सुताची जाळी उचलली. एक घर दोन्ही हातांनी ताणून गाठ सरकते का पाहिलं. टोकाच्या कडीपाशी सगळे पदर एकसारख्या लांबीचे आहेत का ते मोजलं. वाससुद्धा घेतला. बाजारात लुगडं घेताना त्या जेवढं बघत, त्याच्या दुपटीनं बघितलं.

बघता बघता त्यांनी सहज विचारलं, "भाऊ, तुमी इंदापूरच्या बाजाराला जाता. माझ्या लेकीचं घर बघितलंय न्हवं? दारात सावली बिवली हाय का?"

"हाय की वैनी. लिंब हाय मोठा."

"एकच?"

"एकच. बाकी समदं अंगण मोकळं अन् मातीची भिताडं."

"बरं," चंद्राबाई म्हणाल्या. "हीच द्या."

"अगं, पर वाण म्हणून जाळी?" गेणूआबा कळवळले.

"अधिकात जावयाला भोकांचंच वाण देत्यात. अनारसा जाळीचा, बत्तासा जाळीचा. तेहतीस अनारशांना मिळून न्हाईत एवढी भोकं हायत हिला."

"असं कुठं देत्यात?"

"आमच्या डाळजला."

डाळज हे चंद्राबाईंचं माहेर. त्यांना हवी असलेली कोणतीही रीत डाळजला असे आणि नको असलेली नसे. गेणूआबा उभ्या आयुष्यात चार वेळा डाळजला गेले होते, चारही वेळा जेवायला. तेव्हा त्यांना उलट काही सांगता येत नसे. त्यांनी मोबदला म्हणून मळ्यातली दोन पाट्या वांगी गाडीत चढवली आणि जाळी उतरवून घेतली.

बांधण्याचं काम मात्र त्यांनी आपल्याकडे घेतलं. बाज विणण्यात गावात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तिथंच घोटाळा झाला. खोबऱ्यापासून साखऱ्यापर्यंत त्यांनी जाळी बाजेसारखी ताणली. बुंध्याला पाय लावून ताणली. तार छेडावी तशी बोटानं छेडली आणि आवाज ऐकून खूष झाले. मग जावयाच्या आधी आपण बघावं म्हणून ऐटीत तिच्या मधोमध बसले. जाळी गर्रकन फिरली आणि गेणूआबा विहिरीच्या पाण्याच्या दंडात, चिखलात पालथे पडले.

राजमहंमदनी त्यांना हात दिला. "आबा, ही बाज न्हाय. सैल सोडा. पोटाशी चांगला झोल पडू द्या. अन् निजताना सरळ न्हाय निजायचं, तिरकं निजायचं. साहेबाचा खानसामा सांगत व्हता."

"निजायचं बी शिकायला लागतं व्हय आता?" असं म्हणत गेणूआबांनी गाठी सोडल्या. चंद्राबाईंनी दोर बुंध्यात रुतू नये म्हणून खाली गोणपाट गुंडाळलं, आणि मुंगळे उतरू नयेत म्हणून दोराला दोन्हीकडे करंजाचं तेल फासलं. मग त्यात ज्वारीचं पोतं तिरकं निजवलं. पोतं अर्धा दिवस निजलं आणि पडलं नाही.

दोन दिवसांनी सकाळच्या मोटारीनं बिरदेव मास्तर आले. मागं सिंधू. पोरीला बघून चंद्राबाई दारात धावल्या. त्यांनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि डोळ्याला पदर लावला. मास्तरांनी मात्र उंबऱ्यातच जाहीर केलं, "दुपारी चारच्या मोटारीनं परत निघायचं आहे."

पुरणाचे धोंडे झाले, तूप झालं, तेहतीस अनारसे झाले. पाट असा निवडला होता की त्यावर हत्ती बसला असता. मास्तर जेवले, पण अजून त्यांच्या कपाळावर ती वरात दिसत होती. मग सगळे विहिरीवर गेले. चंद्राबाईंनी जाळीला हळदकुंकू लावलं आणि म्हणाल्या, "जावयबापू, ह्या घरात तुमास्नी धड बसाया मिळालं न्हाय म्हनला व्हता. आता निजा."

मास्तरांनी जाळीकडे संशयानं पाहिलं, टोपी काढून गेणूआबांच्या हातात दिली आणि सांगितलं तसे तिरके निजले. खोबऱ्याची सावली होती. मोटेच्या पाण्यावरून गार वारा येत होता. मास्तर म्हणाले, "म्हणजे, कल्पना वाईट नाही..." आणि पुढचं वाक्य त्यांनी घोरून पूर्ण केलं.

चार वाजता सडकेवर मोटारीचा भोंगा वाजला. गेणूआबा उठवायला निघाले. चंद्राबाईंनी त्यांना बाहीला धरून मागं ओढलं.

"अधिकात निजलेल्या जावयाला उठवत न्हाईत."

"ही बी डाळजची रीत?"

"व्हय."

मास्तर सहा वाजता उठले. "मोटार गेली वाटतं," ते म्हणाले. "असो. उद्या निघावं म्हणतो."

दुसऱ्या दिवशीही चारची मोटार भोंगा वाजवून गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. मास्तर रोज सकाळी ठरवून अंगरखा घालत, पिशवी भरत, आणि मोटारीला अवकाश आहे तोवर जरा पडावं म्हणून जाळीत शिरत. चौथ्या दिवशी पिशवी भरायचं त्यांनी बंद केलं. शाळेला सुट्टी होती आणि तपासणी कुठं दिसत नव्हती. जाळीत पडल्या पडल्या ते गोड बोलू लागले. मामांच्या वांग्यांची तारीफ केली. घोडीचीसुद्धा आठवण काढली. "बिचारी, लेकराची आई होती," असं म्हणाले. चंद्राबाईंनी हे ऐकलं आणि घरात जाऊन देवापुढं साखर ठेवली.

इकडे गेणूआबांची पंचाईत होत चालली. एक तर खोबऱ्याखालची ती जागा त्यांची होती. वीस उन्हाळे ते दुपारी तिथं घोंगडी टाकून निजत आले होते. आता ते गोठ्यात निजत, आणि म्हैस शेपटीनं त्यांच्या तोंडावरच्या माशा वारी. दुसरं म्हणजे आंबे. राजमहंमद एक दिवसाआड गाडी घेऊन येत.

"आबा, माल उतरायला झालाय. झेले आणल्यात, माणसं आणल्यात."

"हळू बोल. निजल्यात."

"आजबी?"

"आजबी."

"अवं, पर वरनं एखादा पाडाचा आंबा त्यांच्याच कपाळावर आला तर?"

हा विचार गेणूआबांनीही केला होता, आणि खरं सांगायचं तर भीतीनं केला नव्हता. पण चंद्राबाईंना तो आधीच सुचला होता. त्यांनी जाळीच्या वर, फांद्यांना, जुनं धोतर चांदव्यासारखं ताणून बांधलं होतं. त्यावर पडलेले आंबे मास्तर हात वर करून घेत आणि चोखत.

जाळीची बडदास्त जावयासारखीच होती. संध्याकाळी चंद्राबाई ती सोडून झटकत. उंदीर लागू नयेत म्हणून घरात तुळईच्या आकड्याला टांगत. सकाळी एकेक गाठ चाचपून पुन्हा बांधत. एकदा तिच्यावर आंब्याचा रस सांडला, तर सिंधूनं ती रिठ्याच्या पाण्यात हलक्या हातानं धुतली आणि पिळून न टाकता सावलीत पसरली. तेवढा वेळ मास्तर ओट्यावर बसून होते आणि दर थोड्या वेळानं "वाळली का?" विचारत होते.

"आई," सिंधूनं हसून विचारलं, "आनी किती दिस ऱ्हानार आमी?"

चंद्राबाईंनी तिच्या केसांतून हात फिरवला. दोन वर्षांत या केसांना त्यांचं तेल लागलं नव्हतं. "जाळी टिकंल तवर," त्या म्हणाल्या आणि तिची वेणी घालायला बसल्या. वेणी घालून झाली, मग सोडली आणि पुन्हा घातली. पहिली काही वाईट झाली नव्हती.

ही दोन वाक्यं गेणूआबांनी दाराआडून ऐकली. वेणीचं त्यांना दिसलं नाही. जाळी टिकेल तोवर, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं. कापायची तर हिंमत नव्हती. पण जाळीत राहणंच नकोसं झालं तर? दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आंघोळीला गेले असताना त्यांनी गुळाचा खडा पाण्यात कालवला, दोरावरचं करंजाचं तेल पुसलं आणि खोबऱ्याच्या बुंध्यापासून जाळीच्या कडीपर्यंत गुळवणी फासलं. खोबऱ्यावर तांबड्या मुंगळ्यांचं बिऱ्हाड पिढ्यान् पिढ्या होतं. आता थोडा दम धरायचा.

दम धरता धरता ते जाळीपाशी उभे राहिले. इतके दिवस सगळ्यांनी हिचं एवढं कौतुक केलं, आणि आपण काय, त्या पहिल्या दिवशी चिखल तेवढा खाल्ला. मास्तरांची आंघोळ म्हणजे अर्धा तास. घटकाभर टेकून बघावं. ते तिरके निजले. झोल पाठीला असा लागला की गोठ्यातले सगळे दिवस अंगातून गळून गेले. डोळे कधी मिटले ते कळलं नाही.

मुंगळ्यांना मात्र सगळं वेळेवर कळलं.

गेणूआबांची आरोळी सडकेपर्यंत गेली. ते जाळीतून सुटले ते थेट मोटेचं पाणी साठतं त्या थारोळ्यात पडले आणि नाकापर्यंत पाण्यात बसून राहिले. सगळं घर धावलं. मास्तर ओल्या पंच्यावर पळत आले आणि थारोळ्याकडे एकवार पाहून म्हणाले, "मामा, माझ्याआधी स्वतः निजून बघितलंत? मुंगळे आहेत की काय म्हणून?" त्यांनी पंच्याच्या टोकानं डोळे टिपले. "ह्या घरानं माझ्यासाठी इतकं करावं!"

चंद्राबाईंनी दोराला बोट लावलं, ते चाटलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्या दिवशी गेणूआबांच्या वरणात मीठ नव्हतं. दोर गरम पाण्यानं धुतला गेला, तेल पुन्हा लागलं, आणि या प्रेमानं भारावलेले मास्तर आणखी पक्के झाले.

अखेर महिन्याचा शेवटचा दिवस आला. सुजलेल्या मानेनं विचार करकरून गेणूआबांना शेवटी एक हत्यार सापडलं होतं, आणि तेही बायकोच्याच भात्यातलं. सकाळीच त्यांनी घसा साफ केला.

"अधिक आज संपला. वाण दिलं ते दिलं. दिलेलं वाण सासऱ्याच्या घरात ठेवून घेत न्हाईत, पाप लागतं. जावयबापू, जाळी तुमची. संगं घेऊन जावा."

"खरंच मामा?" मास्तरांचे डोळे चमकले.

"खरंच. घरी बांधा, रोज निजा. हितं यायची दगदग कशाला?"

चंद्राबाई डाळजचं काही काढतील म्हणून गेणूआबा तयारीत होते. पण त्यांनी नुसती मान हलवली. "खरं हाय. वाण ठेवून घेऊ न्हाय." आणि स्वतःच्या हातानं जाळी सोडून, घडी करून, स्वच्छ फडक्यात बांधून दिली. आपण जिंकल्यावर बायको इतकी शांत असायला नको, असं गेणूआबांना वाटलं खरं. पण सुजेमुळे वाटत असेल म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

चारची मोटार मिळाली. सिंधूनं खिडकीतून हात हलवला तो वळणापर्यंत दिसला. चंद्राबाई सडकेवर बराच वेळ उभ्या होत्या. मग घरी येऊन पदर खोचून कामाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी राजमहंमदनी माल उतरवून नेला. निम्मे आंबे मास्तरांनी चोखले होते, त्याची भरपाई म्हणून आणखी वांगी गेली. गेणूआबांनी खोबऱ्याखाली आपली घोंगडी पसरली आणि ते हक्कानं आडवे झाले. पण काय कोण जाणे, जमीन टोचू लागली. या कुशीवर खडा, त्या कुशीवर मूळ. वीस उन्हाळे हे खडे कुठं गेले होते? जाळीतल्या त्या एका घटकेची आठवण मुंगळ्यांसकट येई, आणि मुंगळे वगळून हवीहवीशी वाटे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी दुपारी सडकेवर भोंगा वाजला. गेणूआबा घोंगडीवर उठून बसले. बांधावरून बिरदेव मास्तर येत होते. काखेत ते फडक्याचं गाठोडं, हातावर चिंधी, आणि मागं हसू दाबत सिंधू.

"मामा, घात झाला," मास्तर म्हणाले. "आमच्या दारात लिंब एकच. एक टोक त्याला बांधलं. दुसरं घरमालकाच्या ओट्याच्या खांबाला."

"मग?"

"मी निजलो. खांब आला."

"एकलाच?"

"नाही, छपरासकट." मास्तरांनी गाठोडं जपून खाली ठेवलं. "जाळीला काही झालं नाही. घरमालकांचा राग निवेपर्यंत आम्ही इथंच राहावं म्हणतो. शाळा उघडायला बारा दिवस आहेत. आणि पुढच्या सुट्टीतही यावंच लागेल. जाळीला दोन झाडं लागतात."

गेणूआबा काही बोलणार, तेवढ्यात त्यांच्या नाकात वास शिरला. तुपाचा, खसखशीचा. ते तडक स्वयंपाकघरात गेले. चंद्राबाई कढईशी बसल्या होत्या. परातीत अनारशांचा ढीग होता, सोनेरी, जाळीदार.

अनारशाचं गेणूआबांना एवढं माहीत होतं की तो आज मनात आला आणि आज झाला असं होत नाही. तांदूळ तीन दिवस भिजायचे, मग वाळायचे, कांडायचे, गुळात मळून पीठ मुरायचं.

"हे तांदूळ कवा भिजत घातलं व्हतंस?"

"ती दोघं गेली, त्याच दिशी."

गेणूआबा खाली बसले. राजमहंमदच्या गाडीपाशी उभी राहून बायकोनं सहज विचारलेला प्रश्न त्यांना आता आठवला.

"म्हंजी तुला पयल्यापासनं ठावं व्हतं?"

चंद्राबाईंनी एक अनारसा अलगद उलटला. बाहेर सिंधूच्या बांगड्या वाजत होत्या, आणि त्या आवाजानं त्यांचं सगळं तोंड उजळलं होतं.

"एका लिंबाला जाळी कशी बांधायची," त्या म्हणाल्या, "ते आमच्या डाळजला कुणाला येत न्हाय."

गेणूआबांनी परातीतला एक अनारसा उचलला, फडताळातलं करंजाचं तेल घेतलं, आणि जावयाची जाळी बांधायला बाहेर पडले. या वेळी झोल त्यांनी आपल्या पाठीला बरोबर लागेल असा ठेवला. मास्तर रोज सकाळी अर्धा तास आंघोळ करतात, हे ते विसरले नव्हते.